लाल शाईतला ‘वॉज’

दर सोमवारी पहिल्या तासाला मी फळ्यावर एक ओळ लिहितो आणि नववीच्या वर्गाला दहा मिनिटं देतो. वही वेगळी. नियम थोडे. पेन थांबवायचा नाही. स्पेलिंगची काळजी करायची नाही. इंग्रजी शब्द अडला तर मराठी लिहा, कन्नड लिहा, पण वाक्य पुरं करा. आणि जे मी वाचू नये असं वाटतं, ते पान उभं दुमडून ठेवा. दुमडलेलं पान मी उघडत नाही.

यातलं न थांबता लिहिणं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. पीटर एल्बो नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी सत्तरच्या दशकात ते लोकप्रिय केलं. मी फक्त ते कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात आणलं, जिथं पोरांना दहावीला 625 गुणांच्या परीक्षेत तीन भाषा सांभाळाव्या लागतात आणि इंग्रजीचा निबंध म्हणजे गाईडमधला निबंध.

सुरुवातीला मी अगदी वाईट ओळी दिल्या. ‘तुमचं स्वप्न’ म्हटलं, तर निम्मा वर्ग डॉक्टर आणि उरलेला पोलीस. ‘माझी आई’ म्हटल्यावर सगळ्यांच्या आया एकाच वेळी उठल्या, एकसारख्याच प्रेमळ निघाल्या, आणि सगळ्यांच्या शेवटी तेच वाक्य आलं, की मला माझी आई फार आवडते. विषय मोठा दिला की पोरं गाईडच्या आडोशाला जातात, हे कळायला मला एक अख्खं सत्र लागलं. मग ओळी लहान केल्या. घरात कुणालाच हात लावू देत नाहीत अशी वस्तू. शाळेला येताना तुम्ही चुकवता ती वाट. काल ऐकलेलं भांडण, फक्त तीन वाक्यांत. घरात रोज वापरतात आणि इंग्रजीच्या पुस्तकात कधीच येणार नाही असा शब्द. या शेवटच्या ओळीला एका पोरानं ‘इरलं’ लिहिलं आणि पाऊण पान ते समजावण्यात घालवलं. इंग्रजी भयंकर होतं, पण इरलं मला दिसलं. दुसऱ्यानं लिहिलं, की एसटीची पाटी कन्नडमध्ये असते, आजीला वाचता येत नाही, ती कंडक्टरच्या ओरडण्यावरून बस ओळखते.

अडचण ठरलेली असते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे पोरं ‘आय यस्टरडे मार्केट’ इथपर्यंत जोरात येतात आणि मग पेन हवेत. मी वर्गात फिरत असतो, पण काही सांगत नाही. सांगितलं की ते माझं वाक्य होतं.

त्या सोमवारी जुलैचा पाऊस होता. कणकुंबीकडच्या डोंगरात आभाळ फाटलं, की मलप्रभेचं पाणी तासाभरात रंग बदलतं. त्यात रोपलावणी. एक्केचाळीसपैकी सतरा पोरं आली होती, त्यातली पाच-सहा ओलीचिंब. फळ्यावर लिहिलं : ‘घरातल्या कुणाचंही एक नाव लिहा. ते कुणी ठेवलं, का ठेवलं?’

वह्या मी सहसा पेन्सिलीनं वाचतो. समासात प्रश्न लिहितो, एखादा ‘मग?’ लिहितो. पण आदल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी वह्या चाळल्या होत्या. ‘सर, वही तपासलेली दिसाय पाहिजे. वरून कुणी आलं तर मी काय दाखवू?’ त्यांचंही चुकत नव्हतं. वरून येणारा माणूस लाल शाई मोजतो, वाचत नाही. म्हणून त्या दिवशी मी लाल पेन घेऊन बसलो.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं स्वतःचं नाव सोडून म्हशीचं लिहिलं होतं. तिचं इंग्रजी असं : ‘आवर बफेलो नेम इज चंद्री. ऑन हर हेड इज मून. माय ग्रँडमदर गिव्ह द नेम. शी गिव्ज फोर लिटर मिल्क.’ पुढं पाच-सहा ओळी त्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याबद्दल. आजीला तो चतुर्थीच्या चंद्रासारखा वाटला, आणि चतुर्थीचा चंद्र बघू नये म्हणून सगळे हसले, वगैरे. सत्रात तिनं लिहिलेलं सगळ्यात मोठं पान.

आता मला एक गोष्ट माहीत होती. गेल्या पावसात त्यांच्या घराची मातीची भिंत पडली होती, आणि ती बांधायला जूनमध्ये म्हैस विकली. तिच्या वडिलांनीच रस्त्यात भेटून सांगितलं होतं. ती माहिती डोक्यात, लाल पेन हातात. ‘इज’वर काट मारून ‘वॉज’ लिहिलं. ‘गिव्ज’चं ‘गेव्ह’ केलं. मनात स्वतःची पाठही थोपटली, की पोरगी भूतकाळ चुकली, आपण संदर्भासकट पकडलं. आजीच्या वाक्यातलं ‘गिव्ह’ खरोखर चुकलेलं होतं, ते मात्र नजरेतून निसटलं.

डब्याच्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी. वही छातीशी.

‘ओ सर, हे वॉज कशाला केलाय?’

मी समजावलं. म्हैस आता तुमच्याकडं नाही, म्हणून भूतकाळ. आवाज जरा हळू केला, विषय नाजूक म्हणून.

तिला काही नाजूक वाटलं नव्हतं. ‘म्हस गेली, खरं नाव कुठं गेलंय? आत्ता बी चंद्रीच हाय की. इकलं म्हणून नाव बदलतंय काय?’

मी गप्प. बेळगावचं बेळगावी 1 नोव्हेंबर 2014 पासून झालं, आणि माझी आई आजही बाजाराला बेळगावलाच जाते. हे डोक्यात आलं, बोललो नाही.

‘घेतलेल्या लोकांनी दुसरं ठेवलं असेल,’ मी उगाचच म्हणालो.

‘न्हाई. मी परवा बघून आलो की. नदीपल्याडच हाय त्यांचं घर. चंद्री म्हटलं की मान वळवती. त्यांच्या पोरांनी बी तेच नाव ठेवलंय.’

शेजारच्या टेबलावर विज्ञानाच्या मॅडम डबा खाता खाता थांबल्या होत्या. व्याकरणाच्या बाजूनं मला काहीच म्हणता येईना. ‘आमच्या म्हशीचं नाव’ म्हटल्यावर ‘आमच्या’ चुकलं असं म्हणता आलं असतं. ते मी मनात घोळवलं आणि सोडून दिलं. म्हैस कुणाची, हे ठरवायला मला कुणी बसवलं नव्हतं. लाल शाई खोडरबरानं जात नाही, म्हणून मी तिलाच म्हटलं, माझं खोड आणि तुझं परत लिही.

तिनं तिथंच, माझ्या टेबलावर वाकून, ‘वॉज’ काटला. वर ‘इज’ लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. मग ‘गेव्ह’वर आली आणि थांबली.

‘हे बी गिव्जच पाहिजे न्हवं?’

‘देते का अजून?’

‘देती की.’ पेन तोंडात धरून तिनं जरा विचार केला. ‘खरं तीनच देती म्हणालीत ती काकू. जागा बदलली न्हवं.’

तिनं ‘गिव्ज’ लिहिलं, ‘फोर’वर काट मारून ‘थ्री’ केलं, वही उचलली, आणि घंटा व्हायच्या आत डबा खायचा म्हणून पळाली.