झडपेचा आवाज

“आता आवाज येत नाही मॅडम,” हे माझ्या एका हृदयाच्या पेशंटच्या नवऱ्यानं मला चांगली बातमी म्हणून सांगितलं. दोघं आले होते खोकल्यासाठी. आडवं पडलं की ढास लागते, पाण्याची कळशी उचलली की धाप.

पंचविशीही न गाठलेली मुलगी. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं हृदयातली मायट्रल झडप आकसून गेली होती. सरकारी योजनेतून ऑपरेशन होऊन तिथे कार्बनच्या दोन पात्यांची कृत्रिम झडप बसली. अंगकाठी इतकी बारीक की बोलायला तोंड उघडलं की टेबलाच्या अलीकडे मलाही टक् टक् ऐकू यायचं. “नखानं कुणी ताटली वाजवतंय रात्रभर. याला बारीक करता येत नाही का?” असं तिनं पूर्वी विचारलं होतं. त्याच खोलीत झोपणाऱ्या सासूबाईंचीही तक्रार होतीच. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर रक्तस्राव, पक्षाघात, मृत्यू सगळं छापलेलं असतं. झडप वाजते, हे मात्र कुठेच नसतं. डाव्या कुशीवर झोपू नको, पंखा चालू ठेव, हळूहळू सवय होते, एवढंच आम्ही सांगतो.

आमचे रेसिडेंट डॉक्टर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) लिहितात आणि मग छातीला स्टेथोस्कोप लावतात, तोही लावला तर. धातूच्या किंवा कार्बनच्या झडपेचा बंद होतानाचा आवाज कोरडा, धारदार हवा. इथे बोथट ठोका होता, ओल्या गोणीवर थाप मारल्यासारखा. मी फाइल मागितली. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, १.१. मायट्रलच्या अशा झडपेला तो २.५ ते ३.५ मध्ये लागतो.

दाढ काढायची म्हणून गावाकडच्या एका दवाखान्यात ‘रक्त पातळ करायची गोळी बंद’ असं लिहून दिलं होतं. किती दिवस बंद, पुन्हा कधी सुरू, काही नाही. हिनं ते शब्दशः पाळलं. आमच्या पेशंटना आज्ञाधारकपणा फार महागात पडतो. आयएनआर तपासायला यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दोघांची मजुरी बुडणार, त्यामुळे मधली तपासणीही झालेली नव्हती.

कॅथलॅबमध्ये फ्लुरोस्कोपीखाली, म्हणजे हलतं चित्र दाखवणाऱ्या क्ष-किरण यंत्राखाली नेलं. यात सुई नाही, डाय नाही. पाती बरोबर कडेनं दिसतील असा कोन मिळाला की दोन बारीक रेघा उघडमीट करताना दिसतात. त्या कोनासाठी टेक्निशियन मशीन इंचाइंचानं फिरवतो, आणि आमचा टेक्निशियन त्यात उस्ताद आहे. (तिरुवनंतपुरमला तयार झालेल्या ‘चित्रा’ या भारतीय झडपेत हे जमत नाही, तिची चकती प्लास्टिकची, क्ष-किरणांत दिसतच नाही.) एक रेघ हलत होती. दुसरी तिरकी अडकलेली, जागची ढळत नव्हती. इकोवर झडपेपाशी दाबाचा सरासरी फरक १८, म्हणजे फारच जास्त.

गोळी थांबल्यानं झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती. पुन्हा ऑपरेशन की औषधानं गुठळी विरघळवणं? सर्जन शहरात, आणि फुप्फुसात पाणी भरलेल्या पेशंटला तिथवर न्यायचं. स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधामुळे गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो, हे नवऱ्याला समजावलं. त्यानं विचारलं, “तुमची बहीण असती तर?” या प्रश्नाचा मला राग येतो, कारण उत्तर टाळता येत नाही. स्ट्रेप्टोकायनेज सुरू केलं, अर्ध्या तासात अडीच लाख युनिट, मग ताशी एक लाख.

पहाटे आयसीयूतल्या सिस्टरचा फोन आला, “मॅडम, वाजायला लागलं.” मॉनिटरवरचे आकडे तिनं नंतर सांगितले. सकाळी फ्लुरोस्कोपीत दोन्ही रेघा हलत होत्या.

घरी सोडताना मी कार्डावर लाल शाईनं लिहिलं: आवाज दबला किंवा बदलला तर लगेच यावे; दातांच्या डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली तर आधी आम्हाला विचारावे. हे लिहायलाच हवं होतं. पण आधी जिला ‘लक्ष देऊ नकोस’ म्हटलं, तिलाच आता ‘लक्ष ठेव’ म्हणत होते. किती लक्ष? दिवसातून एकदा ऐकावं आणि मग विसरावं, असं सांगून कोण विसरतं?

पुढच्या तपासणीला आयएनआर २.८ होता, फुप्फुसं स्वच्छ होती, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. रात्री आवाज नीट ऐकू यावा म्हणून तिनं पंखा बंद केला होता. झोपेची गोळी द्यावी का, हे मी अजून ठरवलेलं नाही. नवरा अधूनमधून रात्री फोन करतो, “जरा बारीक वाटतंय.” फोनवरून झडप तपासता येत नाही. मी धाप, आडवं झोपता येतं का, बोलणं अडखळतंय का, एवढंच विचारते. शंका राहिली तर म्हणते, घेऊन या. तो घेऊन येतो, एसटीचं भाडं घालवून, आणि झडप ठणठणीत वाजत असते.