मर्टनच्या चॅपेलमध्ये भैरवीचे स्वर

ऑक्सफर्डमधलं मर्टन कॉलेजचं चॅपेल, म्हणजे प्रार्थनामंदिर, अर्धवट वाटतं, आणि ते आहेच अर्धवट. तेराव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू झालं, पण पश्चिमेचा लांबलचक सभामंडप राहिला तो राहिलाच. आत मात्र उंची अंगावर येते. रंगीत काचांचा खर्च उचलणारा हेन्री द मॅम्सफील्ड त्याच काचांत गुडघे टेकून बसलाय, तोही चोवीस वेळा! आपल्याकडच्या फ्लेक्सबहाद्दरांनी त्याला गुरू मानायला हरकत नाही.

मी आलो होतो टॅलिस स्कॉलर्सना ऐकायला. पीटर फिलिप्स यांनी १९७३ साली ऑक्सफर्डमध्येच हा गायकांचा गट जमवला. पंधराव्या-सोळाव्या शतकातलं चर्चसंगीत, वाद्यांशिवाय. त्यांची बरीच रेकॉर्डिंग्ज याच चॅपेलमधली. त्याच काळातला रचनाकार जोस्कँ दे प्रे याच्या अठरा मासरचना (मास म्हणजे कॅथलिक उपासनेचे ठरलेले पाठ, सुरांत बांधलेले) त्यांनी १९८६ ते २०२० या काळात नऊ अल्बममध्ये पुऱ्या केल्या. पहिल्याच अल्बमला १९८७ साली 'ग्रामोफोन' मासिकाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातलीच 'पांजे लिंग्वा' ही मास त्या संध्याकाळी होती.

आठ जण उभे राहिले. तंबोरा नाही, पेटी नाही. हलकेच सूर दिला गेला आणि सुरुवात. पुरुषांच्या आवाजात पहिली ओळ आली नि मी सावरून बसलो. सा, कोमल रे, परत सा, खाली कोमल नी. त्यांचा फ्रिजियन मोड, म्हणजे जुन्या चर्चसंगीतातला एक थाट, आणि आपली भैरवी, स्वर तेच! पण ओळखीचा आनंद फार टिकत नाही. ती ओळ पुरी होण्याआधीच दुसऱ्या आवाजाने उचललेली असते, मग तिसऱ्याने. कान सवयीने मुख्य गायक शोधतो, बाकीच्यांना साथीला बसवू पाहतो. इथे साथीला कुणीच नाही. शेवटी मी नाद सोडला आणि नुसता बासच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाच्या, मागे गेलो, तेव्हा कुठे वरचं उलगडायला लागलं. एकेका ओळीला दोघं. एक श्वास घेतो तेव्हा दुसरा सूर धरून ठेवतो. जवळून पाहिलं तरच ही अदलाबदल दिसते, ऐकू येत नाही.

रेकॉर्डवर चारही ओळी सुट्या कळतात, इथे त्या एकमेकींत मिसळतात. शिवाय माणसं आणि त्यांचे लोकरी कोट बरीच गुंज पिऊन टाकतात. रिकाम्या चॅपेलमध्ये माइक लावल्यावर ती जास्त रेंगाळत असणार.

उत्तरार्धात इटालियन रचनाकार अलेग्रीचं 'मिझेरेरे' हे स्तोत्र. चौघं लांब मागे जाऊन उभे राहिले, आणि सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजाची गायिका, तारसप्तकात चढली की माना वळत होत्या. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. मी मात्र जोस्कँच्या बाजूचा.