हाड अडकलंय, मॅडम

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझा जनावरांचा दवाखाना आहे. एमआयडीसीतली रात्रपाळी सुटली की टॉवेलच्या कारखान्यांतले कामगार घरी जाताना कुणाची शेळी, कुणाचं कुत्रं दाखवायला थांबतात. यंदाच्या उन्हाळ्यात असाच एक यंत्रमाग कामगार काळं कुत्रं पोत्यात गुंडाळून रिक्षानं घेऊन आला. "मॅडम, घशात हाड अडकलंय बघा. दोन दिवस झाले, पाणीसुद्धा उतरंना. मी हात घालून बघितलं, सापडंना."

कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत होता. जीभ बाहेर, कोरडी पडलेली, तिला पोत्याचे धागे आणि धूळ चिकटलेली. लाळेची तार फरशीपर्यंत आली होती. हाड अडकलेलं कुत्रं पंजानं सारखं तोंड ओरबाडतं, मान झटकतं. हे तसलं काही करत नव्हतं. मागचे पाय लटपटत होते आणि भुंकायला गेलं की घोगरा, फाटका आवाज निघत होता. मी म्हटलं, "दादा, आधी बाजूला व्हा. त्याला हात लावू नका."

पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की लाल डोळ्यांचं, दिसेल त्याला चावत सुटलेलं कुत्रं लोकांच्या डोळ्यांपुढे येतं. पण रेबीजचा मुका प्रकारही असतो. त्यात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते. कुत्रं कुणाच्या अंगावर जात नाही, कोपऱ्यात पडून राहतं. माणसाला दया येते. तो जवळ घेतो, पाणी पाजतो, तोंडात हात घालतो. मला या प्रकाराची जास्त धास्ती वाटते ती याच मायेपायी.

त्याचे हात बघितले. सूत ओढून ओढून बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडलेल्या, एका नखाशेजारची कातडी सोललेली. दात लागलेला नव्हता, रक्त नव्हतं, म्हणून त्याला काही झालंय असं वाटतच नव्हतं. पण उघड्या जखमेला रेबीजची लाळ लागणं हे खोल चाव्याइतकंच गंभीर, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या तिसऱ्या श्रेणीतलं धरतात. नळाखाली साबण लावून 15 मिनिटं हात धुवायला लावले, मी घड्याळ बघत शेजारी उभी राहिले. मग त्याला विचारत बसले: गेल्या 10 दिवसांत याच्या तोंडाशी कोण कोण गेलं?

कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीच उतरलेला असतो, म्हणून मागचे दिवस धुंडाळावे लागतात. जुन्या विडी घरकुल वसाहतीजवळच्या त्याच्या गल्लीत मी स्वतः गेले. बायको घरी विड्या वळते. पान कापताना कात्रीनं बोटं कापलेली, आणि कुत्रं रोज तिच्याजवळ बसून हात चाटायचं. शेजारच्या पोराच्या पोटरीवर दाताचा ओरखडा. त्याला एका दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं होतं. हे ऐकून मी हादरले. धनुर्वाताची सुई रेबीजला काही करत नाही.

म्हातारी सासू तेलुगूत रागावून बोलायला लागली. शेजारणीनं मराठीत सांगितलं, पोटात चौदा सुया घेऊन माणूस जगतो का, असं विचारतेय. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दोन्ही दंडांत कातडीत थोडीथोडी लस देतात, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. तिसऱ्या श्रेणीत जखमेतच आणि तिच्याभोवती तयार प्रतिपिंडांचं औषध टोचतात, कारण लसीनं स्वतःची प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. बोटाच्या टोकाला ती सुई फार दुखते, हे मी आधीच सांगून ठेवलं. त्याच दिवशी सगळे सिव्हिलला गेले.

कुत्रं दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यातच मेलं. मेंदूचा नमुना बर्फात घालून पुण्याला प्रयोगशाळेत पाठवला. रेबीज निघालं. या आजाराची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, त्यामुळं लस घ्यायला रिपोर्टची वाट बघायची नसते.

गल्लीत चौकशी केली तेव्हा कळलं, दीडेक महिन्यापूर्वी बाहेरचं एक कुत्रं येऊन इथल्या तीन-चार कुत्र्यांशी भांडून गेलं होतं. म्हणजे बाकीच्या कुत्र्यांनाही आतून लागण झालेली असू शकत होती. लोक म्हणाले, "सगळी उचलून न्या, लांब सोडून या." त्यांची भीती खरी होती, लहान पोरं त्याच रस्त्यावर खेळतात. पण कुत्री हलवली तर आजारही दुसऱ्या वस्तीत जातो, आणि रिकाम्या गल्लीत महिन्याभरात नवी, लस न घेतलेली कुत्री येतात. केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसारही नसबंदी आणि लस झाल्यावर भटकं कुत्रं त्याच जागी सोडायचं असतं. भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली आणि ते प्रमाण टिकवलं, तर विषाणूला पुढचं कुत्रं मिळेनासं होतं. गोव्यात वर्षानुवर्षं हेच केलं, आणि 2021 मध्ये ते रेबीज नियंत्रणात आलेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं. आपल्याकडे माणसाच्या लसीचा तुटवडा पडला की ओरड होते, कुत्र्यांच्या लसीबद्दल कुणी विचारत नाही. मला हे फार खटकतं. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांकडून येतो, तर काम तिथूनच सुरू व्हायला हवं.

कान फाटलेलं एक पाळीव कुत्रं साखळीला ठेवून त्याला चाव्यानंतरच्या डोसांचा पूर्ण कोर्स दिला. बाकीच्यांसाठी महापालिकेचं पथक, गल्लीतली पोरं आणि मी पहाटे उन्हाआधी निघायचो. जाळं टाकायचं, लस टोचायची, पाठीवर हिरव्या रंगाचा पट्टा ओढायचा आणि तिथंच सोडायचं. पिल्लांनाही टोचलं. तीन महिन्यांची होईपर्यंत थांबलो असतो तर ती परत सापडली नसती.

28 व्या दिवसाचा डोस झाल्यावर तो कामगार आमच्याबरोबर यायला लागला. जाळं दिसलं की पळणारी कुत्री त्याच्या एका हाकेवर येतात, आमचं निम्मं काम तिथंच होतं. आता कारखान्यांच्या आवारातली राहिलीत. ती दिवसा दिसतच नाहीत, रात्री रखवालदाराच्या भाकरीला जमतात. पुढच्या आठवड्यात रात्रपाळी लागली की जायचंय. रखवालदारांशी त्यानंच बोलून ठेवलंय.