कापायला आलेली झेन

मारुतीने झेन ही गाडी २००६ साली बंद केली. पुढे ‘झेन एस्टिलो’ म्हणून एक गाडी आली, पण तिचं झेनशी नातं नावापुरतं. म्हणजे शेवटी निघालेली झेनसुद्धा २०२१ सालीच पंधरा वर्षांची होऊन गेली. माझी तर २००२ची. ठाण्याचा एमएच ०४ नंबर, एलएक्स मॉडेल, काचा हाताने फिरवायच्या. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन वाढवून घ्यावं लागतं. आरटीओत गाडी नेऊन दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, वर फी. ही फी आधी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२पासून ५००० झाली. माझी मुदत नेमकी त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला संपली. नवरा म्हणाला, “आता तरी सोड हिला.” मी पाच हजार भरून आले.

त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२१मध्ये, केंद्र सरकारचं स्क्रॅप धोरण आलं होतं. अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढली की ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतं आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. धोरणाशी माझं भांडण नाही. घोडबंदर रोडला काळा धूर सोडत पुढे चाललेला टेम्पो दिसला की मीही मनातल्या मनात त्याला मोडीत काढते. माझी झेन पीयूसीला अजून सुखरूप पास होते, एवढ्या एका कागदाच्या जोरावर माझी सगळी बडबड.

लोकांना वाटतं की जुन्या गाडीचं इंजिन छळतं. इंजिन बिचारं कधीच छळत नाही. ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं, अ‍ॅल्युमिनियमचं हलकं इंजिन. तापू दिलं नाही तर मुकाट चालतं. ऑइल फिल्टर, प्लग, क्लचप्लेट, ब्रेक शू, सगळं स्पेअर पार्टच्या दुकानात नवंकोरं मिळतं. छळतात त्या फुटकळ वस्तू. दाराचं आतलं हॅण्डल. इंडिकेटरची दांडी. हेडलाइटमागचा प्लॅस्टिकचा कान. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडणारी सीटखालची लिव्हर. असल्या वस्तू नव्याने करायला कुणाला परवडणार? त्या फक्त एकाच ठिकाणी उरल्यात: दुसऱ्या झेनमध्ये.

म्हणून मी शीळफाट्याला जाते. जुन्या पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड नावाजलेला, तिथे काय मिळत नाही असं नाही. पण ठाण्याहून निघून तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात निम्मा दिवस जातो आणि दुकानदारांना माझ्यासारखं शंभर रुपयांचं गिऱ्हाईक नको असतं. शीळ-डायघरच्या बाजूला भंगार गाड्यांची गोदामं आहेत. पत्र्याचं कुंपण, आत एकावर एक चढवलेल्या गाड्या, दारं एका भिंतीला टेकवून पुस्तकांसारखी उभी, बंपर वर बांबूला टांगलेले. पावसाळ्यात चिखल इतका की मी चक्क गमबूट घालून जाते. सुरुवातीला मी नवऱ्याला सोबत न्यायची. गोदामवाले चाचा त्याच्याशीच बोलायचे. त्याला बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो तेही ठाऊक नाही, तो नुसता मान डोलवायचा. पुढे चाचांच्या लक्षात आलं. आता मला बघितलं की त्यांचा पहिला प्रश्न, “मॅडम, आज क्या टूटा?”

एकदा ड्रायव्हरकडच्या काचेचं मशीन गेलं. आतला दाता तुटला की हॅण्डल गरागरा फिरतं, काच मात्र जागची हलत नाही. टोलनाक्यावर दार उघडून पैसे द्यायचे म्हणजे काय शोभा! चाचांकडे एक पांढरी झेन नुकतीच आली होती, पुढून पार चेपलेली, दारं शाबूत. त्यांच्याकडचा पोरगा, मिसरूडही न फुटलेला, पाना-पेचकस घेऊन बसला. काचेच्या हॅण्डलमागे यू आकाराची एक बारकी स्प्रिंगची क्लिप असते. ती पेचकसाने काढायला गेलं की उडून कुठल्या कुठे जाते. पोराने पेचकस बाजूला ठेवला, एक तेलकट चिंधी घेतली, हॅण्डल आणि दाराच्या मधल्या फटीतून ओवली आणि दोन्ही टोकं धरून सटासट पुढेमागे ओढली. क्लिप टिंग करून उडाली, ती त्याने न बघता दुसऱ्या हातात झेलली आणि तोंडात धरली. मग हातटेकूचे स्क्रू, मग दाराच्या कडेची प्लॅस्टिकची बटणं. जुनी बटणं अर्धी तुटतातच. आत काळ्या डिंकाने चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद. तो त्याने फाडला नाही, हळूच सोलून वर दुमडून ठेवला. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला की पावसाचं पाणी त्यानेच अडतं, तुमच्या दाराचा फाटला असेल तर हा घेऊन जा. माझ्या दाराचा फाटलेलाच होता. मागे एका गॅरेजवाल्याने तो ओरबाडून फेकून दिला होता आणि तेव्हापासून पावसाळाभर माझ्या पायाखालची मॅट ओली का राहायची, हे मला त्या पोराने सांगितलं. चाचांनी मशीनचे चारशे सांगितले, अडीचशेवर जमलं. प्लॅस्टिकचा कागद फुकट.

ह्या धंद्यात खरी किंमत पार्टची नसते, कशाला काय बसतं ह्या ज्ञानाची असते. चाचा पत्रिका बघावी तशा गाड्या जुळवतात. साल कुठलं, कार्बोरेटरवाली की एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनने पेट्रोल सोडणारी), एलएक्स की व्हीएक्स, हे आधी विचारणार आणि मगच पुढे सरकणार. झेन, एस्टीम आणि जिप्सीची इंजिनं एकाच जी घराण्यातली, म्हणून कुणी सगळंच एकमेकांना बसेल असं समजून आला की ते हसतात. २००३ साली झेनचा चेहरा बदलला, त्यामुळे नंतरच्या झेनचे हेडलाइट माझ्या गाडीला चालत नाहीत. कार्बोरेटरवाल्या गाडीचं वायरिंग मला उपयोगाचं नाही. तुर्भ्याच्या बाजूला एकाने मला ‘झेनचंच आहे हो ताई’ म्हणून एक काळं दार दाखवलं होतं. झेनचं होतंही. पण ते होतं झेन कार्बनचं! मारुतीने थोड्याच काढलेल्या त्या दोन दारांच्या झेनचं दार माझ्या दाराहून लांब. माझ्या गाडीला लावलं असतं तर मागचं दार उघडायला जागाच उरली नसती. असलं दुर्मीळ दार भंगारात बघून एखाद्या हौशी माणसाला रडू आलं असतं. मला फक्त टेप आणली होती ह्याचं बरं वाटलं.

जुनं सगळंच घ्यावं असं मात्र नाही. वागळे इस्टेटला माझे मिस्त्री आहेत, माझ्या वडिलांच्या फियाटपासूनचे. त्यांचा दंडक साधा: जे तुटलं तर गैरसोय होते ते जुनं चालेल, जे तुटलं तर माणूस जातो ते नवंच. टाय रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्म असे चाकं धरून ठेवणारे पार्ट किंवा ब्रेकचं काहीही, भंगारातून आणलं तर ते हात लावत नाहीत. धातू आतून थकलेला असतो आणि वरून रंग मारला की काही कळत नाही. सीटबेल्ट तर नाहीच. अपघातात एकदा ताण खाल्लेला पट्टा पुन्हा तेवढा भरवशाचा राहत नाही, आणि कापायला आलेल्या गाड्या बहुतेक अपघातातल्याच. रबर जुनं घेण्यात अर्थ नाही, ते कपाटात ठेवलं तरी म्हातारं होतं. रेडिएटर नवा, कारण अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं की खर्च गाडीच्या किमतीवर जातो. उलट बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जुना पण कंपनीचा मिळाला तर मिस्त्री खूश. कार्बन ब्रश आणि बेअरिंग बदलायचं, की तो नव्या लोकल मालापेक्षा जास्त टिकतो. इंजिन तर मी कधीच घेणार नाही. इंजिन नंबर आरसी बुकात असतो. बदललं तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, आणि ते कुठून निघालंय ह्याचा कागद नसेल तर पार्टसोबत पोलिस चौकशीही घरी यायची.

आणि पाण्यात गेलेली गाडी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा माझी झेन नौपाड्यात उंचावर उभी होती म्हणून वाचली. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी गाड्या तेव्हा छतापर्यंत बुडाल्या. दर मोठ्या पावसानंतर काही दिवसांनी गोदामांत चकचकीत, कुठेही न ठोकलेल्या गाड्या दिसायला लागतात. बाहेरून मोहच पडावा. मी आधी सीटखालच्या रुळांत बोट घालते. तिथली गाळाची बारीक, कोरडी माती धुऊनसुद्धा जात नाही. मग मागच्या दिव्याचा बल्ब काढून होल्डर बघते. हिरवट बुरशी दिसली की त्या गाडीचा एकही स्विच, एकही मोटर घ्यायची नाही. सीट, दार, डिकीचा पत्रा ठीक. चाचा ह्यावर माझ्याशी वाद घालत नाहीत, नवीन माणसाशी मात्र घालतात.

ह्या सगळ्याचा परिणाम असा, की माझ्या झेनला तीन किल्ल्या आहेत. इग्निशनची मूळची. ड्रायव्हरकडच्या दाराचं कुलूप त्या पांढऱ्या झेनचं, मशीनबरोबर तेही घेऊन टाकलं म्हणून. डिकीचं कुलूप कुठल्या तरी लाल झेनचं, आणि किल्लीला अजून तिच्या मालकांचा तुळजाभवानीचा कीचेन आहे, तो मी काढला नाही. कॉम्प्लेक्सचा वॉचमन पहिल्यांदा किल्ली घेऊन गेला तेव्हा गाडी चोरीची आहे की काय अशा नजरेने परत आला. मुलीने तिन्ही किल्ल्यांना नेलपॉलिशचे वेगवेगळे ठिपके लावून दिलेत. नवऱ्याला ठिपके लक्षात राहत नाहीत, त्यामुळे गाडी आपोआप माझीच राहिली आहे.

एक गोष्ट मात्र मला अलीकडे खटकायला लागली आहे. रस्त्यावर दुसरी झेन दिसली की पूर्वी मी हॉर्न वाजवून हात करायची. आता मी तिचा मागचा दिवा बघते. शाबूत आहे का, २००३च्या आधीचा आहे का. गोदामातून फोन येतो, “मॅडम, एक झेन आयी है,” आणि मला आनंद होतो. कुणाची तरी गाडी गेली, कदाचित गाडीबरोबर माणूसही दुखावला असेल, आणि मी गमबूट शोधते. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांनी हे किती वर्षं केलं असेल. गाडी बनायची केव्हाच बंद झालेली, आणि टॅक्सीसाठीच्या वीस वर्षांच्या नियमाने शेवटची पद्मिनी रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३मध्ये. मधल्या काळात त्या एकमेकींवरच तगल्या. सुरुवातीला कापायला गाड्या भरपूर येतात, भाव पडलेले असतात, आपण चोखंदळ असतो. मग गाड्या कमी येतात. मग एक दिवस चाचा म्हणतात की ह्या सहा महिन्यांत एकच आली, आणि भाव तेच ठरवतात.

माळ्यावर म्हणूनच माझा साठा आहे: दोन इंडिकेटरच्या दांड्या, एक वायपर मोटर, एक मीटर, हॅण्डलं, आणि बिस्किटाच्या डब्यात प्लॅस्टिकची बटणं. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी ह्यावरून घरात होतं.

परवा गेले तर चाचांनी माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली. हेडलाइट टिचकी मारून बघितले. म्हणाले, तुमचे दोन्ही ओरिजिनल आहेत, कापायला काढाल तेव्हा आधी मला सांगा, ऐरोलीचे एक साहेब विचारत होते. त्यांचीही २००२चीच. मी जरा चिडलेच. मग विचारलं, त्यांना अजून काय हवंय? मीटर हवं होतं. त्यांचा पेट्रोलचा काटा कायम ‘फुल’वर अडकलेला. आणि त्यांच्याकडे जास्तीचं काय आहे? मागचा डावा दिवा.

मी माळ्यावरचं मीटर काढून पुसून ठेवलंय. रविवारी ते ऐरोलीहून येतायत, दिवा घेऊन. चाचांना दोघांकडून शंभर-शंभर द्यायचं ठरलंय.