कासच्या पुढचा रस्ता

साताऱ्यात कुणालाही कोयनेच्या पाण्याकाठच्या बामणोली गावाचा रस्ता विचारा, "कासला जातो तोच की" असंच म्हणणार. बरोबरच आहे म्हणा. २०१२ ला फुलांचं कास पठार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हापासून सप्टेंबरच्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात जी लाईन लागते ती बघून वाटतं हा रस्ता फुलांसाठीच काढलाय. पण कास तलाव मागं पडला की गर्दी एकदम गळते, पुढं उतार लागतो, झाडी दाट होते, आणि समोरून येते ती दुधाचे कॅन बांधलेली बाईक नाहीतर दारं-खिडक्या खडखडवत चढणारी एसटी.

खाली कोयनेचं बॅकवॉटर, म्हणजे शिवसागर. साताऱ्यापासून जेमतेम ३५ किमी, पण पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढच्या गाडीचा लाल दिवा सोडून काही दिसत नाही, तेवढ्याला दीड तास धरायचा. साठच्या दशकात धरण भरलं, खोऱ्यातली गावं, शेतं, नदीकाठच्या जुन्या वाटा सगळं पाण्याखाली गेलं आणि समोरासमोरची गावं एकमेकांना लांब झाली. मग लाँच आल्या. आजही पलीकडं जायचं तर बऱ्याच जणांना लाँचच, आणि तपोळ्याकडं तर तराफ्यावर जीपसुद्धा चढवतात. आपण वासोटा किल्ल्याला जाताना लाँचमध्ये बसून फोटो काढतो, काठावरच्या माणसांचं दवाखाना-बाजार त्यावरच चालतं. मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की धक्क्याचा काही उपयोग नाही, भेगाळलेल्या गाळातून डोक्यावर पिशव्या घेऊन बायका लाँचपर्यंत चालत जातात आणि मधेच जुन्या शेताचे बांध उघडे पडलेले दिसतात. १०५ टीएमसीचं धरण, निम्म्या महाराष्ट्राला कोयनेची वीज माहितीय, पण काठावरच्या वाड्यांची नावं कुणाला सांगता येतात?

इथल्या जावळी तालुक्यातली निम्मी पोरं माथाडी नाहीतर टॅक्सीवर, मुंबई-नवी मुंबईत. म्हणून गणपतीत आणि गावच्या जत्रेला या रस्त्यावर एमएच त्रेचाळीसच्या गाड्याच गाड्या, टपावर सामान, आत म्हातारी आणि उलट्या करणारी पोरं. ही गर्दी मला फुलांच्या गर्दीपेक्षा बरी वाटते, निदान त्यांना कुठं जायचंय ते माहीत असतं आणि वळणावर गाडी थांबवून सेल्फी काढत नाहीत :)

आता जो तो रुंदीकरणाचं बोलतो. करा, पण पठारावर जेसीबी फिरवायच्या आधी दोनदा विचार करा, तिथं कातळावर मातीचा थर बोटभर असतो, तो गेला की तेरड्याचं फूल नाही आणि सीतेची आसवंही नाहीत. आणि खरं सांगू का, बामणोलीच्या माणसाला चार लेन नकोच आहेत, घाटातल्या मोऱ्या मे मध्येच साफ केल्या, डोंगराचं पाणी रस्त्यावरून वाहायचं थांबलं तरी निम्मे खड्डे पडायचेच नाहीत. आणि संध्याकाळची एसटी वेळेवर सोडा एवढंच.