आमची वाटचाल : जहाजाच्या पत्र्यापासून धक्क्याच्या भिंतीपर्यंत

सुरुवात जहाजदुरुस्तीपासून झाली. तळाचे गंजलेले पत्रे कापायचे, नवे बसवायचे. कंटेनरची मोठी जहाजं खोल पाण्याच्या बंदरांकडे वळली, शहरालगतचे धक्के रिकामे झाले, तिथे इमारती आणि फिरायच्या वाटा आल्या. तसं आमचं कामही धक्क्याच्या पोलादी भिंतींकडे, म्हणजे शीट पाइलकडे वळलं.

क्रेन गेली, भार गेला, आता भिंतीला धोका नाही, हा समज आम्हाला प्रत्येक प्रकल्पात खोडून काढावा लागतो. भिंतीला खरा रेटा मागच्या भरावाचा आणि पाण्याचा. ओहोटीला समोरचं पाणी झपाट्याने उतरतं, मागचं अडकून राहतं. पातळीत 1 मीटर फरक पडला तरी समोरच्या पाण्याच्या पातळीला भिंतीवर दर चौरस मीटरमागे साधारण 1 टन जादा दाब येतो. नव्या फरसबंदीच्या कामात निचऱ्याची भोकं बुजवली की नेमकं हेच घडतं. झाडांसाठी खड्डे खणताना टाय रॉड, म्हणजे भिंतीला मागून जमिनीत ओढून धरणारे पोलादी गज, तुटतात, ते वेगळंच. म्हणून खोदाईआधी प्रत्येक रॉडची जागा जमिनीवर रंगाने आखून घ्यावी.

गंज सगळीकडे सारखा नसतो. सर्वांत फसवा पट्टा ओहोटीच्या पाणीरेषेलगतचा. नारिंगी बुळबुळीत थर, खाली काळा गाळ आणि त्याखाली चकचकीत, खड्डे पडलेलं पोलाद दिसलं, की जिवाणूंमुळे होणाऱ्या गंजाची शंका घ्यावी. हा गंज वर्षाला अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पोलाद खातो. 10 मिलिमीटरच्या पत्र्याला किती वर्षं उरतात, याचा हिशेब तिथेच मांडावा. जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजतो, पण कालवं आणि गंजाचे पापुद्रे खरवडून मगच. नाहीतर आकडा खोटा येतो.

पॅच मारताना थेट पाण्याखाली वेल्डिंग करणं आम्ही टाळतो. सांधा झटकन थंड होतो, पोलादात हायड्रोजन शिरतो, तडे जातात. भिंतीला लोखंडी पेटी चिकटवून, आतलं पाणी उपसून, कोरड्यात वेल्डिंग करणं वेळखाऊ आहे, पण टिकतं.

शेवटी ओहोटीरेषेच्या खाली ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ॲनोड, म्हणजे भिंतीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे, बसवतो. सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड या मोजणीच्या संदर्भ-साधनाच्या तुलनेत भिंतीचं विद्युतविभव (व्होल्टेज) उणे 800 मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण आलं, तर संरक्षण पोचलं. पाण्याबाहेरच्या, लाटांचे शिंतोडे झेलणाऱ्या भागाला ॲनोडचा उपयोग नाही. तिथे सँडब्लास्टिंग करून, पृष्ठभागावरचं मीठ गोड्या पाण्याने धुऊन, मगच इपॉक्सी रंग लावावा. मीठ राहिलं, तर रंगाला फोड येतात.