सोलांची राखण

दुपारी मुंबईहून भाचीचा फोन. ‘मामा, तुझ्या ओटीवरनं समुद्र दिसतो. मला अशी जागा मिळाली ना, तर तुंबलेलं सगळं काम चार दिवसांत उरकेन.’ मी नुसतं ‘हूं’ म्हटलं. समुद्रासमोर बसून काम होतं असं वाटायला माणूस मुंबईतच राहायला हवा. इथे टेबल मांडलं की नजर आधी पाण्यावर. ओहोटी लागली, खडप उघडं पडलं, बायका कालवं काढायला निघाल्या. मग पाणी भरेपर्यंत बघत बसायचं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. देवळाच्या स्मरणिकेचा माझा लेखही त्याच हिशेबाने पुढे जातोय.

रत्नागिरीच्या नगर वाचनालयातही बसून बघितलं. १८२८ सालची संस्था, तिथे निदान लाजेकाजेस्तव हात चालेल. पण समोर ताजी वर्तमानपत्रं, आणि मी छोट्या जाहिरातींपासून वाचणारा. चहाला म्हणून उठलो तो थेट एसटी स्टँडवर.

लहानपणी मात्र सुट्टीतला अभ्यास मे महिन्यातच पुरा व्हायचा. आजीमुळे. ती रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, आतल्या गराला-बियांना मीठ लावून ठेवायची आणि सुटलेल्या रसात सालं बुडवून खळ्यात वाळत घालायची. संध्याकाळी गोळा करून परत रसात, सकाळी परत उन्हात. पुटं चढतील तशी सालं काळपट होत जायची, हाताला चिकटायची. हीच सोलं, म्हणजे आमसुलं. राखणीला मी. मांडवाखाली पाट, हातात चिव्याची काठी. कोंबड्या खुशाल वरून चालत जायच्या आणि शेजारची पाडी मिठाच्या आशेने हटकून यायची. ‘उठलास तर याद राख,’ एवढं बोलून आजी चुलीकडे. उठायची सोय नाही, खेळायला कोणी नाही. मग करणार काय? पाढे, शुद्धलेखन, गणितं. वहीच्या कडा गुलाबी व्हायच्या. जूनमध्ये बाई वही दोन बोटांत धरून तपासायच्या.

तेव्हा बैठक-बिठक सगळं झूट. बूड हलवायची चोरी पाहिजे.

म्हणून यंदा शेजारच्या वहिनींना म्हटलं, ‘सोलं आमच्या खळ्यात घाला, मी बसतो राखणीला.’ त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. ‘भावोजी, बरं आहे ना तुमचं?’ पण घातली. आणि खरंच, काठी मांडीवर ठेवून लिहायला बसलो तर जेवणवेळेपर्यंत दोन पानं झाली! देवळाच्या जीर्णोद्धारापर्यंत येऊन ठेपलो होतो, एवढ्यात वहिनींचा नातू मोबाईल घेऊन हजर.

‘आजोबा, आजीने सांगितलंय, तुम्ही तुमचं काम करा. सोलं मी बघतो.’

आता एवढ्याशा पोराला काय समजावणार? उठलो.